इनटेकवरचा भोवरा सिम्युलेशनमध्ये येत नाही तेव्हा

किमान जलपातळीला इनटेकसमोर, म्हणजे जलविद्युत प्रकल्पाच्या पाणी आत घेणाऱ्या तोंडासमोर, भोवरा पडतो, ऑपरेटर तो रोज पाहतात, पण तुमच्या सिम्युलेशनमध्ये पाणी सपाट दिसतं. मग उपाय तपासायचे कसे, हा तुमचा प्रश्न.

तुम्ही स्टेडी रन (काळानुसार न बदलणारा) घेऊन के-एप्सिलॉन हे खळबळाटाचं मॉडेल लावलंय. गरगरणाऱ्या पाण्यात हे मॉडेल हिशेबातला चिकटपणा फार वाढवतं आणि भोवरा धरायच्या आतच विरून जातो. काळानुसार बदलणारा रन घ्या, वक्रतेची दुरुस्ती असलेलं एसएसटी हे मॉडेल वापरा. मशीन दमदार असेल तर एलईएस, म्हणजे मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत. पृष्ठभागासाठी व्हीओएफ (पाणी-हवेची सीमा धरणारी पद्धत) आहेच. मेश, म्हणजे गणनेची जाळी, तीही तपासा. हवेचा गाभा काही सेंटिमीटरचा आणि तुमच्या मेशचा सेल (एक घर) अर्ध्या मीटरचा, मग तो सापडणार कुठून?

तरी माझा सल्ला असा की गाभ्याच्या मागे लागू नका. पाण्याला पीळ कुठे बसतो ते शोधा. एका डोंगराळ प्रकल्पावर आम्ही काठावरून मूठभर भाताचं तूस टाकलं होतं. ते डाव्या काठाने सरळ आलं, पुढे आलेल्या खडकाला वळसा घातला आणि खांबाच्या नाकाशी गोल फिरत आत गेलं. उजवीकडचं पाणी जवळजवळ उभंच होतं. भोवऱ्याचं मूळ तो खडक आणि एका अंगाने येणारं पाणी. (पृथ्वीच्या फिरण्याचा दाखला बरेच जण देतात, इनटेकच्या आकारात तो परिणाम नगण्य असतो.)

इनटेकसमोर एक बंद वाट आखा आणि तिच्यावरचं सर्क्युलेशन, म्हणजे त्या वाटेने पाणी एकूण किती गोल फिरतं तो आकडा, काढा. जाडसर मेशवरही ते बऱ्यापैकी भरवशाचं येतं. खडक कापला, मार्गदर्शक भिंत वाढवली, एकच युनिट (टर्बाइन संच) चालवलं, अशा प्रत्येक रनमध्ये तोच आकडा ताडून पाहा. एक युनिट बंद असतानाची स्थिती अजिबात सोडू नका, बहुतेक वेळा तीच सर्वांत वाईट निघते.

भोवरा टाळायला तोंडावर किती पाणी हवं ते सांगणारं गॉर्डनचं सूत्रही लावून बघा. इनटेकच्या तोंडाची उंची ४ मीटर, तिथला पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर पाणी सरळ येत असताना तोंडाच्या माथ्यावर साधारण ०.५४ × ३ × √४, म्हणजे सव्वातीन मीटर पाणी हवं. तिरकं येत असेल तर ०.७२ धरा, ते ४.३ मीटरवर जातं. पाणी सरळ आणलं की मीटरभर पातळी हाती लागते, ती याच फरकातून.

पृष्ठभागाखाली आडव्या तुळयांची जाळी बसवली की गरगर मोडते. पण पातळी खाली-वर होत असेल तर ती तरंगती हवी, आणि तिच्यात अडकणारा कचरा काढायची सोय आधीच करा.

खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात भौतिक मॉडेलवर असा अभ्यास होतो. फ्रूड नियमाने (गुरुत्व आणि वेगाचं प्रमाण जपून) लहान केलेल्या मॉडेलमध्ये पृष्ठताण आणि चिकटपणा त्या प्रमाणात कमी होत नाहीत, म्हणून तिथे भोवरा प्रत्यक्षापेक्षा मवाळ दिसू शकतो. मॉडेलमध्ये नुसती खळी दिसली तरी ती गांभीर्याने घ्या.

खडकाचा आणि दोन्ही काठांचा सर्व्हे असेल तर इथे टाका. सिम्युलेशनच्या सीमा कुठे धरायच्या ते त्यावरून सांगता येईल.