पुण्यात राहूनही न पाहिलेल्या जुन्या जागा कशा शोधायच्या?

१८८५ सालचं पुणे जिल्हा गॅझेटियर (ब्रिटिश सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) उघडा, आपल्या पेठेची पानं वाचा आणि पायी निघा. त्यात पेठा, देवळं, नळ-हौद यांची तपशीलवार वर्णनं आहेत. सुरुवात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून करा. नागझरी ओढ्याजवळचं हे अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ रस्त्यावरून जाताना सहज नजरेतून सुटतं. मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती, दर्शनी भिंतीवरचं दाट कोरीवकाम, आत संस्कृतसोबत चक्क फारसी शिलालेख! किमान अर्धा तास हाताशी ठेवाच. मात्र गॅझेटियरमधलं बरंच काही आता पाडलं गेलंय, काही जागा खासगी वाड्यांत आहेत. तिथे विचारूनच आत जा.