सनद इथली, वकिली न्यूयॉर्कची

प्रश्न : मी मुंबईहून तीन वर्षांचं एलएलबी केलंय, सनदही आहे. नवऱ्याची बदली न्यूयॉर्कला झालीय. तिथे वकिली करायची तर एलएलएम करावंच लागतं का हो?

उत्तर : ताई, आधी घाई करू नका. आपल्याकडचा कायदा इंग्लिश कॉमन लॉवर (कोर्टाच्या आधीच्या निकालांना धरून चालणाऱ्या पद्धतीवर) उभा आहे, त्यामुळे वर्गात बसून पूर्ण वेळ तीन वर्षं शिकलेली डिग्री तिथलं वकिलीची परीक्षा घेणारं बोर्ड थेट मान्य करू शकतं, निर्णय मात्र त्यांचाच, म्हणून एलएलएमला लाखो रुपये भरण्याआधी कागदपत्रं तपासायला पाठवा. आणि हे नीट ऐका, घरच्या फाइलमधल्या मार्कशीटच्या अटेस्टेड झेरॉक्स तिथे चालत नाहीत, विद्यापीठानेच थेट पाठवायला लागतात, त्याच्यामागे आत्ताच लागा. काही कमी निघालं तर आधी २४ क्रेडिटचं एलएलएम. नाहीतर सरळ बार एक्झाम, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, पासिंग २६६. शिवाय नीतिनियमांची वेगळी परीक्षा (८५ लागतात), न्यूयॉर्कच्या कायद्याची ऑनलाइन परीक्षा आणि ५० तास विनामूल्य कायदेविषयक काम. नागरिकत्वाची अट नाही, ती १९७३ सालीच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मोडीत काढलीय, त्यामुळे ती काळजी मनातून काढाच. तुमची इथली प्रॅक्टिस वाया जाऊ नये असं फार वाटतं.