हेमकुंडच्या वाटेवर ब्रह्मकमळ दिसते का? पूजेसाठी एखादे फूल घरी आणले तर चालेल का?

दिसते, आणि डोळे भरून दिसते. घांघरिया या मुक्कामाच्या गावाहून उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिब गुरुद्वाराची चढण लागली की निम्मी वाट सरेपर्यंत धीर धरा. चार हजार मीटरच्या आसपास खडकांच्या खबदाडांत ती दिसू लागतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जा. शेजारच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स या फुलांच्या दरीची पायवाट बरीच खालून जाते, तिथे त्यांच्या भरवशावर राहू नका.

आपल्या गॅलरीत रात्री उमलते ते हे नव्हे. ते मेक्सिकोकडचे निवडुंग. हे सूर्यफुलाच्या कुळातले. पिवळसर, कागदासारख्या पातळ पाकळ्या वाटतात ती खरे तर वेष्टणे आहेत. जांभळी बारीक फुले आत, थंडीवाऱ्यापासून जपलेली.

फूल मात्र आणू नका. मी वाटाड्याला हेच विचारले, तर त्याने कायद्याचा विषयच काढला नाही. नंदाष्टमीच्या आधी हात लावायचा नसतो, एवढेच त्याने सांगितले. नंदाष्टमी म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी. आपल्याकडे गौरी माहेरी येतात तेच दिवस, आणि नंदादेवीही गढवालची लेकच, कैलासाला सासरी जाणारी. चमोलीतल्या उर्गम खोऱ्यात त्या सुमारास गावाने नेमलेले फुलारी उपास धरून, अनवाणी वर जातात आणि रिंगाळाच्या, म्हणजे डोंगरी बांबूच्या, कंडीत फुले घेऊन येतात. ती देवीला वाहतात, मग प्रसाद म्हणून वाटतात.

मला ही रीत फार मोलाची वाटते. फूल बी धरण्याआधी खुडले तर त्यातून पुढच्या पिढीसाठी बी उरत नाही. हंगाम उतरणीला लागेपर्यंत हात न लावणे आणि मोजक्यांनीच वर जाणे, यात रोपांना उसंत मिळते. बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, मोठ्याने गाऊ नये, भडक कपडे घालू नयेत, नाहीतर आछरी ओढून नेतात, असेही तिथली जुनी माणसे सांगतात. आछरी म्हणजे डोंगरातल्या पऱ्या. तुमचा विश्वास असो वा नसो, तिथे असेपर्यंत हे पाळा. आपण त्यांच्या देवीच्या अंगणात असतो. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स तर 1982 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे फूल तोडणे हा गुन्हाच.

रिकाम्या हाताने परतायचे नसेल तर जोशीमठच्या बाजारात जंबू किंवा फरण मागा. ही कांदा-लसणाच्या जातीची डोंगरी पात, वाळवून विकतात. फरण तर नीती-माणा खोऱ्यांकडचे भोटिया हे डोंगरी लोक शेतातही लावतात. चिमूटभर तुपात टाका, रंग बदलला की लगेच वरणावर ओता. जास्त तापली तर कडवट होते.