उत्तर: जीडीत बोलायला सापडतच नाही, काय करू?

एसएसबीतल्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या चाचण्यांमधल्या, जीडीबद्दलचा (गटचर्चेबद्दलचा) तुझा प्रश्न वाचला. एकदा स्क्रीन आऊट (पहिल्या दिवसाच्या चाळणीतच घरी), एकदा कॉन्फरन्स आऊट (शेवटच्या बैठकीपर्यंत जाऊन निवड नाही). दोन्ही वेळा ग्रुपमध्ये फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं, तू लातूरचा, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला. किमान किती वेळा बोलावं आणि सुरुवात आपणच करावी का, असं तू विचारलं आहेस.

मी तिसऱ्या खेपेला रेकमेंड झालो, म्हणजे बोर्डाने निवडलं, चेन्नईच्या ओटीएतून (अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून) शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी, केली, आता बाहेर आहे. निवड करणाऱ्या बोर्डावर कधी नव्हतो. तेव्हा हे पंगतीत बसलेल्याचं सांगणं समज, वाढप्याचं नाही.

आधी एक घोळ निस्तरू. तू पहिल्या दिवसाची पीपीडीटीची (चित्र पाहून गोष्ट लिहिण्याच्या चाचणीची) चर्चा आणि जीटीओसमोरची (गटाची कामं घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोरची) जीडी एकाच दावणीला बांधली आहेस. पीपीडीटीत तीस सेकंद धूसर चित्र, चार मिनिटांत गोष्ट, मग प्रत्येकाचं कथन आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक गोष्ट. तिथे मासळी बाजार होतोच, कारण प्रत्येकाला आपलीच गोष्ट खपवायची असते. तिथे तुझं हुकमी नाणं म्हणजे कथन. त्या एका मिनिटात तुला कुणी तोडत नाही. ते स्वच्छ झालं की चर्चेत दोन-तीनदा नेमकं बोललास तरी भागतं. तुझं कथन कसं झालं होतं, याबद्दल तू अवाक्षर लिहिलेलं नाहीस. मला संशय तिथेच आहे.

जीटीओची जीडी वेगळी. अर्धवर्तुळात आठ-दहा जण, लागोपाठ दोन विषय. इथे एकमत व्हायलाच हवं असं नाही.

माझ्या पहिल्या खेपेची गोष्ट सांगतो. क्लासवाल्यांनी पढवलं होतं की सुरुवात करणाऱ्याला जास्त गुण. झालं काय, जीटीओने ‘सुरू करा’ म्हणताच आम्ही चौघांनी एकदम ‘गुड मॉर्निंग जेंटलमेन’ म्हटलं. चौघेही कुठल्या ना कुठल्या क्लासचे! पुढे मी सात वेळा बोललो, मोजून. आकडे पाठ होते, तेही टाकले. संध्याकाळी बराकीत सहज विचारलं, मी काय म्हणालो ते आठवतं का कुणाला? एकालाही आठवेना. ग्रुपमधला एक जोधपूरचा मुलगा तीनदाच बोलला होता, आणि त्याचे तिन्ही मुद्दे सगळ्यांना पाठ. कारण तो बोलला की चर्चेची गाडी रूळ बदलायची.

मी तेव्हापासून हीच मोजपट्टी धरतो: तू बोलल्यामुळे पुढचा माणूस काही वेगळं बोलला का? बोर्ड अधिकाऱ्यात जे पंधरा गुण (ओएलक्यू) शोधतं, त्यांत ग्रुपवर प्रभाव पाडण्याची क्षमता म्हणून जो गुण आहे, तो मला तरी असाच दिसतो. आवाजाचा त्याच्याशी फार संबंध नाही.

तुझ्याच जिल्ह्याचं उदाहरण घे. समज विषय आला, ‘शहरांतल्या पाणीटंचाईला जबाबदार कोण, सरकार की नागरिक?’ चेस्ट नंबर (छातीवर लावलेला क्रमांक) तीन म्हणतो सरकारचं नियोजन नाही. सात म्हणतो लोक पाणी वाया घालवतात. कुणीतरी पावसाचं पाणी जिरवण्याबद्दल बोलतो. मग तीन पुन्हा सरकारवर येतो. चार मिनिटं हाच घाणा. आता तू म्हण: ‘सात नंबर म्हणतो लोक वाया घालवतात. पण माझ्या शहरात एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. आमच्या नळालाच पाणी नव्हतं, वाया काय घालवणार? तर ही वेळ येण्याआधीच्या दोन वर्षांत कुणी काय करायला हवं होतं, हे बोलूया का?’

आता ग्रुपला उत्तर देणं भाग आहे. कुणीतरी उसाचा मुद्दा काढेलच, मराठवाड्यात इतका ऊस का लावता म्हणून. तेव्हा गावाची वकिली करत बसू नकोस. ‘बरोबर आहे, ऊस हाही त्यातला भाग आहे’ असं मान्य कर आणि पुढे ठिबकवर ये किंवा पीकपद्धतीवर ये. समोरच्याचा खरा मुद्दा मोकळेपणाने मानणारा माणूस त्या गोंगाटात ठळक दिसतो. मी स्वतः हे दोन खेपा गमावून शिकलो.

आणि इंग्रजीचं म्हणशील तर वरचा मुद्दा इंग्रजीत मांडायला किती यावं लागतं? ‘वॉटर केम बाय ट्रेन.’ चार शब्द. लहान वाक्यं, साधा भूतकाळ. तुझी अडचण इंग्रजीपेक्षा मनात मराठी वाक्य पूर्ण रचून मग त्याचं भाषांतर करण्याची आहे. त्यात पाच-सहा सेकंद जातात, आणि तेवढ्यात डेहराडूनचा फाडफाड इंग्रजीवाला सुटतो. मध्येच एखादं वाक्य हिंदीत गेलं तर घाबरू नकोस, पण सगळं हिंदीवर ढकलूही नकोस.

शिरायचं कधी? बोलणाऱ्याचा श्वास संपतो तेव्हा. दोघं एकदम बोलत असतील तर तिसरा होऊ नकोस, त्यातल्या एकाला चेस्ट नंबरने हाक मार: ‘पाच, तुझा मुद्दा अर्धा राहिला, पूर्ण कर.’ पाच खूश, दुसरा गप्प, आणि पाचचं संपलं की पुढची पाळी जवळपास तुझीच. नजर ग्रुपकडे ठेव. जीटीओकडे बघून बोलणारी मुलं मला आजही केविलवाणी वाटतात.

जीटीओच्याच ग्रुप प्लॅनिंगमध्ये (एका प्रसंगातल्या अडचणी कशा सोडवायच्या ते ठरवण्याच्या चाचणीत) मात्र हिशेब बदलतो. तिथे आधी प्रत्येकाने आपला प्लॅन लिहून दिलेला असतो, मग चर्चा, आणि शेवटी सगळ्यांचा एक प्लॅन ठरायलाच हवा. तिथे आपलाच प्लॅन रेटण्यापेक्षा कुठली अडचण आधी सोडवायची एवढं ठरवून घेतलंस तरी बरंच झालं.

सराव आरशासमोर करू नकोस, आरसा मध्येच तोडत नाही. चार मित्र जमव, टपरीवर बस, आणि एकच नियम लाव: आधीच्याचा मुद्दा एका वाक्यात सांगितल्याशिवाय कुणी आपला मुद्दा मांडायचा नाही. पहिले दोन दिवस सगळे वैतागतील. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ‘बेसिकली’ किती वेळा येतं ते मोज. (माझं दहा मिनिटांत एकोणीस!) लेखी परीक्षा पास असशील तर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचीही चौकशी कर. ते राज्य सरकारचं आहे, क्लासला पैसे ओतण्याआधी तिथे विचार.

एक मात्र कडू सांगतो. कॉन्फरन्स आऊट झालास म्हणजे जीडीतच पडलास असं धरून चालू नकोस. बोर्ड कारण सांगत नाही. मानसशास्त्राच्या चाचण्या, मुलाखत, मैदानावरची बाकीची कामं, हे सगळं त्यात असतं. म्हणून आता दोन गोष्टी लिहून टाक: पीपीडीटीत तू सांगितलेली गोष्ट आठवेल तशी, आणि जीडीचे दोन्ही विषय, त्यात तू काय बोललास आणि त्यावर पुढचा माणूस काय म्हणाला. हे शेवटचं आठवत नसेल तर तसंच लिही.