नगराध्यक्षांचं ‘व्हिजन’ खरं की नुसतं भाषण, हे कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: साधारण ३० हजार वस्तीच्या नगरपरिषदेत थेट निवडून आलेले नगराध्यक्ष पाच वर्षांत कायापालट करू म्हणतात, तर त्यांच्या हातात नेमकं असतं तरी काय, आणि सामान्य माणसाने ते तपासायचं कसं?

हातात सभागृह असतं, प्रशासन नसतं. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार रोजचा कारभार मुख्याधिकाऱ्यांकडे असतो. ते राज्य शासनाचे अधिकारी, त्यांची बदलीही शासनच करतं. नगराध्यक्ष सर्वसाधारण सभा बोलावतात आणि चालवतात. ते स्थायी समितीचे पदसिद्ध सभापती असतात आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतात. तातडीच्या प्रसंगी सभेची वाट न पाहता काम सुरू करायला सांगू शकतात, पण ते नंतर सभेपुढे ठेवावं लागतं. शिवाय एखादा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला, तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात.

थेट निवडणुकीतली गोम वेगळीच आहे. नगराध्यक्ष एका आघाडीचे आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. मग सभा तहकूब, ठराव नामंजूर, आणि पाच वर्षं एकमेकांवर पत्रकबाजी. म्हणून पहिली कसोटी ही: विरोधी नगरसेवकांच्या प्रभागातली कामं विषयपत्रिकेवर येतात का? येत असतील तर या माणसाला सभागृह चालवता येतं.

आता पैसा. क वर्ग, म्हणजे सर्वांत लहान गटातल्या, नगरपरिषदेचं स्वतःचं हक्काचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. पगाराचा मोठा भाग शासनाच्या सहायक अनुदानावर चालतो आणि मोठी कामं योजनांच्या निधीवर. योजनेचा निधी फुकट येत नाही, त्यात नगरपरिषदेला स्वहिस्सा घालावा लागतो. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात लहान शहरांच्या अनुदानातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे, आणि ४० टक्के अबंधित. पुन्हा लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकणं आणि मालमत्ता कराची वसुली वाढवणं या अटी होत्याच. ‘निधी आणतो’ म्हणणाऱ्याला म्हणूनच विचारायचं की वसुली किती टक्के आहे आणि मालमत्ता कराची दर चार वर्षांनी करायची फेरआकारणी शेवटची कधी झाली. निवडणूक जवळ आली की फेरआकारणी पुढे ढकलली जाते, हा सगळ्या पक्षांचा समान किमान कार्यक्रम आहे. थकबाकीदारांना दर वर्षी शास्तीमाफी (उशिराच्या दंडाची माफी) देणं त्याहून वाईट, कारण वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो आणि पुढच्या वर्षी तोही थांबतो.

दूरदृष्टी खरी दिसते ती पाण्यात. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात, नसलेल्याला ७०. १३५ धरलं तरी ३० हजार लोकांना दिवसाला ४० लाख ५० हजार लिटर पुरतात. धरण भरलेलं असूनही गावाला दोन-तीन दिवसांआड पाणी येत असेल, तर दुखणं बहुधा उद्भवात (पाण्याच्या स्रोतात) नाही, वितरणात आहे. तासभर सगळे नळ एकदम उघडतात, सखल भागात पाणी धो धो येतं आणि चढावरच्या गल्लीत करंगळीएवढी धार. मग लोक नळाला थेट मोटर लावतात. मोटर नळीतली हवाच काय, फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणीही ओढते. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते त्याचं हे एक नेहमीचं कारण.

अशा वेळी नवी टाकी आणि नवी योजना जाहीर करणं सोपं असतं. क्रम मात्र असा हवा: आधी जलशुद्धीकरण केंद्रावर आणि प्रत्येक टाकीतून पाणी बाहेर नेणाऱ्या वाहिनीवर प्रवाहमापक बसवायचा. सोडलेलं पाणी आणि बिल झालेलं पाणी यांतला फरक काढायचा. तो २० टक्क्यांच्या आत हवा. मग उंचीनुसार विभाग पाडायचे, व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे, बेकायदा जोडण्या दंड घेऊन नियमित करायच्या किंवा तोडायच्या. मीटर त्यानंतर. हे आधी न करता मीटर लावले की कोरड्या नळीत हवा घुसून मीटर फिरतं, बिलं चुकतात, मोर्चा निघतो आणि योजना बदनाम होते. नीट केलं तर काय होतं याचं उदाहरण कऱ्हाडला लागून असलेलं मलकापूर: लहान शहर असून तिथे मीटर आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर यांच्या जोरावर २४ तास पाणी दिलं गेलं.

पाण्याची एक तपासणी तुम्ही स्वतः बघू शकता. वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरी, पाणी सुटल्यावर, कर्मचाऱ्याला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का हे रंगावरून दाखवणारी चाचणी, करायला सांगा. चाचणीच्या नळीतलं पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. रंगच आला नाही तर बहुतेकदा टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पोतं उघडं पडून त्यातला क्लोरीन उडालेला असतो. पावडर मापाने पडते, काम मात्र करत नाही.

कचऱ्याचा हिशेब सोपा आहे. माणशी ३०० ग्रॅम धरले तर रोज ९ टन, त्यातला निम्म्याच्या आसपास ओला. गाडं अडतं ते ठेक्याच्या अटींवर. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर वर्गीकरण त्याला नकोच असतं. ओलं, माती, डेब्रिज सगळं एकत्र, म्हणजे काटा जड. अटी बदलून घरटी आणि वर्गीकृत कचऱ्यावर पैसे द्यायचे, हा ठराव सभागृहच करू शकतं. वेंगुर्ल्यात वर्गीकरणाच्या जोरावर कचरा डेपोचं लोक पाहायला येतील असं ठिकाण झालं. तिथे पुढाकार मुख्याधिकारी रामदास कोकरे यांचा होता, हे मुद्दाम सांगतो: चांगला अधिकारी मिळाला तर त्याला सभागृहाची साथ देणं हीसुद्धा नगराध्यक्षांची सेवाच.

रस्त्यांबद्दल एकच: आधी पाण्याची वाहिनी, मग गटार, मग काँक्रीट. उलट झालं तर वर्षभरात खोदाई ठरलेली. स्वागत कमान आणि सेल्फी पॉइंट यांवर मी गुण देत नाही.

पाहायची कागदपत्रं चार: सभांची इतिवृत्तं, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, कराचा मागणी-वसुली तक्ता आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं. वीजबिल चढत असेल आणि पाणी तेवढंच, तर गळती किंवा जुने पंप. संकेतस्थळावर नसतील तर माहिती अधिकारात मागा, १० रुपये शुल्क. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे चार कागदांसाठी चार अर्ज करा आणि प्रत्येकात कालावधी लिहा. ‘पाणीपुरवठ्याबाबत सर्व माहिती’ असं मोघम लिहिलंत, तर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, कार्यालयात येऊन अवलोकन करावे’ असं उत्तर हाती पडतं.