जीन्सच्या पिशव्या शिवताना घरच्या मशीनची सुई सारखी तुटते. मी 14 नंबरची वापरते. काय करू?

18 नंबरची सुई लावा आणि टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा ठेवा. 14 नंबरची सुई जाड कापडात वाकते, खालच्या पट्टीवर आपटते आणि तुटते. मी घरी अशाच पिशव्या शिवते. बंद जोडताना सहा-सात पदर एकावर एक येतात, बहुतेक सुया तिथेच जातात. तिथली शिवण आधी हातोडीने ठोकून चपटी करा, मग पायडल सोडून चाक हाताने फिरवा. कापड मागून अजिबात ओढू नका, चांगली सुईसुद्धा त्याने वाकते. मात्र मशीन हलकं, प्लास्टिकचं असेल तर एवढे पदर त्याला झेपणार नाहीत. बंद तेवढे बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून घ्या.