हिवाळ्याची मांडणी, बर्फ न वापरता

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, मांडणीचा फोटो पाहिला. फांद्यांवरचा कापूस आधी काढून टाक. हिवाळा दाखवायला बर्फ चिकटवावा लागला, तर फांदीने आणि पाण्याने आपलं काम केलेलं नाही असं समज.

पाण्यापासून सुरू करू. पसरट भांड्यातली ही मोरिबाना पद्धत ओहारा उन्शिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजवली. ओहारा परंपरेत उन्हाळ्यात केन्झान, म्हणजे फांद्या रोवायचा सुयांचा जड ठोकळा, भांड्यात मागे सरकवतात, कारण समोर मोकळं पाणी दिसलं की गार वाटतं. हिवाळ्यात उलट करायचं. केन्झान पुढे आणायचं आणि पाणी बरंचसं झाकायचं. तू ते बरोब्बर मध्यभागी ठेवलंस, म्हणून दृश्याला कुठलाच ऋतू उरला नाही.

मापं सोगेत्सु या इकेबानाच्या दुसऱ्या परंपरेची धर, नवशिक्याला ती सोपी पडतात. भांड्याचा व्यास आणि खोली यांची बेरीज करायची आणि तिच्या दीडपट मुख्य फांदी घ्यायची. तुझं भांडं ३० सेंमी रुंद आणि ६ सेंमी खोल असेल तर ५४ सेंमी. दुसरी फांदी पहिलीच्या पाऊणपट, म्हणजे साधारण ४० सेंमी. तिसरं माप दुसऱ्याच्या निम्मं ते पाऊणपट, २० ते ३० सेंमी. त्या उंचीत नर्गिस बसव. मुख्य फांदी उभ्या रेषेपासून १५ अंश आणि दुसरी ४५ अंश कलते, दोन्ही थोड्या पुढे झुकलेल्या. निसर्गदृश्यात हे कोन इतके काटेकोर पाळत नाहीत, पण हात बसेपर्यंत मापं सोडू नकोस.

फांदी उमेची, म्हणजे जपानी प्लमच्या झाडाची, घे, शेवाळ चढलेली जुनी मिळाली तर उत्तम. तिच्यासोबत एक-दोन सरळ, कोवळे फुटवेही घे. त्यांना झुबाए म्हणतात. वाकडं जुनं लाकूड आणि त्यातून ताठ निघालेला फुटवा शेजारी आले की झाड थंडीतही जिवंत असल्याचं दिसतं. छाटताना एकमेकींना छेद देणाऱ्या, सरळ खाली जाणाऱ्या आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर रोखलेल्या काटक्या काढ. कळ्या मात्र राहू दे. कापलेल्या जागा पांढऱ्या चमकतात, त्यांवर ओली माती चोळ. उमेची फांदी वाकवायला जाऊ नकोस, कटकन मोडते. वाकवायचीच असेल तर विलो घे. दोन्ही अंगठे जवळ धरून हळूहळू दाब द्यायचा, एका झटक्यात नाही.

केन्झानवर जाड फांदी बसत नाही, अशी तक्रार सगळेच करतात. टोक तिरकं काप, बोटापेक्षा जाड असेल तर बुडाशी उभी-आडवी चीर दे. फांदी आधी सरळ उभी दाबून बसव आणि मगच कलव. सुरुवातीलाच तिरकी खुपसलीस तर सुया वाकतात आणि फांदी डुगडुगते. फांदीच्या भाराने केन्झानच उचललं जात असेल, तर विरुद्ध कडेवर दुसरं केन्झान उलटं ठेव.

आता नर्गिस, खरं कौशल्य इथे लागतं. तीन काड्या लागतील, पण एक जास्तीची आण. प्रत्येक काडीच्या बुडाशी पांढरं नळीसारखं आवरण असतं, त्याला हाकामा म्हणतात. बुंधा बोटांमध्ये हलकेच चोळून ते सैल कर आणि न फाडता खाली ओढून काढ. पाती आणि फुलाचा देठ सुटे होतील. चिकट रस धुऊन टाक. तो कातडीलाही खाजवतो. पाती ओल्या बोटांनी बुडापासून टोकापर्यंत निरपून त्यांना हलका पीळ दे. मग चार पाती आणि मध्ये फूल अशी जुळणी करून, ओल्या बारीक काटकीने आवरण उघडून, सगळं पुन्हा आत सरकव. आवरण फाटलं तर जास्तीच्या काडीचं वापर. ते बुडाशी असलं की मऊ देठ सुयांवर चिरत नाहीत.

फुलाची उंची महिन्यावर ठरव. वर्षाअखेरीच्या मांडणीत फूल पात्यांच्या खाली, आडोशाला असावं. वसंत जवळ येतो तसं ते वर चढवायचं. डिसेंबरातच फुलं पात्यांवर काढलीस, तर जाणकाराला ती फेब्रुवारीची मांडणी वाटेल.

शेवाळाने केन्झान झाक, पण ते भांड्याच्या काठावर टेकू देऊ नकोस. शेवाळ वातीसारखं पाणी ओढतं आणि सकाळी टेबल ओलं सापडतं. उमेशेजारी मोठं गुलाबाचं फूल लावायचा मोह आवर. फांदीला आपण पूर्ण झाड मानलंय, त्या हिशोबात ते फूल छत्रीएवढं होईल.

देठ पाण्याखाली धरून काप, हवा आत शिरत नाही. पाणी केन्झानच्या सुयांवर येईल इतकं ठेव आणि रोज बदल, कारण नर्गिसचा रस त्याच पाण्यातल्या इतर फुलांना लवकर मारतो. हीटरच्या वाऱ्यात ठेवू नकोस, कोरड्या हवेत उमेच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात. रात्री भांडं थंड खोलीत हलव आणि कळ्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवार.